परदेशी अधिकाऱ्यांना लाच : कंपन्या जिथे अडकतात त्या चुका टाळा

परदेशातले सरकारी कंत्राट मिळवताना लाच सहसा कंपनीच्या हातून जात नाही, एजंटाच्या कमिशनातून जाते. म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे 'एजंटाने पुढे काय केले ते आम्हाला ठाऊक नाही' असे म्हणून कानांवर हात ठेवता येतात, ही समजूत. अमेरिकेच्या १९७७ च्या एफसीपीए या, परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यास मनाई करणाऱ्या कायद्यात मध्यस्थामार्फत दिलेली लाचही गुन्हा आहे, आणि पैसा पुढे झिरपण्याची दाट शक्यता दिसत असताना केलेली डोळेझाक ही माहिती असण्याइतकीच गंभीर धरली जाते. विमाने बनवणाऱ्या एअरबसने मध्यस्थांशी संबंधित लाचप्रकरणी २०२० मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेला मिळून सुमारे ३.६ अब्ज युरो मोजले.

एजंटाचे बिल हातात घेऊन वाचा. 'सल्ला शुल्क' एवढाच मोघम शब्द, सोबत कामाचा एकही कागद नाही. नेमणूक ऐन निविदेच्या तोंडावर झालेली, नाव त्याच खात्यातल्या साहेबांनी सुचवलेले, आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात हवेत. यातली एक खूण दिसली तरी बिल अडवा. काम काय केले, कोणाला भेटलात, टक्केवारी एवढी का, तुमच्या फर्मचा खरा मालक कोण, हे लेखी मागा. विक्री विभाग 'कंत्राट हातचे जाईल' म्हणून मागे लागेल. माझ्या मते अशा वेळी कंत्राट गेलेलेच परवडते.

'अधिकारी' कोणाला म्हणायचे, यातही गफलत होते. सरकारी तेल कंपनीचा खरेदी व्यवस्थापक किंवा सरकारी रुग्णालयातला डॉक्टरही त्यात येऊ शकतो. लाच म्हणजे फक्त रोकड, हाही गैरसमजच. आशियातल्या अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना व त्यांनी सुचवलेल्या उमेदवारांना नोकऱ्या दिल्याच्या प्रकरणात जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेला २०१६ मध्ये सुमारे २६.४ कोटी डॉलर भरावे लागले.

पाहुणचाराबाबत बीएचपी या खाण कंपनीचे प्रकरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी सरकारी पाहुणे बोलावताना कंपनीकडे परवानगीचा फॉर्म होता, त्यात योग्य ते प्रश्नही होते. पण भरलेले फॉर्म त्या व्यवहाराबाहेरच्या कोणी तपासलेच नाहीत. २०१५ मध्ये २.५ कोटी डॉलर दंड झाला. तेव्हा फॉर्म कितीही चांगला असो, ज्याचे टार्गेट त्या कंत्राटावर अवलंबून आहे त्याच्याकडून मंजुरी घेऊ नका.

चिरीमिरीचा मामला वेगळा. नेहमीचे काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या पैशाला अमेरिकी कायद्यात मर्यादित सूट आहे. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यात ती नाही. ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या कंपनीसाठी कोणी कुठेही लाच दिली तरी ती रोखली नाही म्हणून कंपनीच दोषी ठरू शकते. त्यावर एकच बचाव : लाच रोखणारी पुरेशी व्यवस्था होती, हे सिद्ध करणे.

हिशेबाच्या वह्यांकडे तर फारच कमी लक्ष जाते. अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीवर लाच सिद्ध न होताही खोट्या नोंदीसाठी कारवाई होते. सीमेन्स या जर्मन कंपनीत मंजुरीच्या सह्या सहज काढून टाकता येणाऱ्या चिकट चिठ्ठ्यांवर केल्या जात. २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीला मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एफसीपीएची अंमलबजावणी काही काळ थांबवली, तेव्हा अनेकांना हायसे वाटले असेल. पण कायदा रद्द झालेला नाही, जूनमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वेही आली, आणि ब्रिटन-फ्रान्सचे कायदे आपल्या जागी आहेतच.

संशयास्पद व्यवहार सापडलाच तर आधी पुढची रक्कम थांबवा आणि ईमेल, चॅट, बिले जशीच्या तशी जपून ठेवायला लेखी सांगा. एजंटाला जाब नंतर विचारा, नाहीतर तो पुरावा पुसेल. चौकशी बाहेरच्या वकिलाकडे द्या. स्वतःहून कळवायचे की नाही याचा निर्णयही लवकर घ्या : अमेरिकी न्याय खात्याच्या धोरणात वेळेवर कबुली, सहकार्य आणि सुधारणा केलेल्या कंपनीवरचा खटला टळू शकतो, पण तपास यंत्रणेला आधीच सुगावा लागला असेल तर ती सवलत बहुधा हातची जाते.