वेलीवर नर फुलंच फार? इथ्रेल मारण्याआधी मुळं पाहा

उन्हाळी काकडी, दोडका, कारल्याच्या वेलींना सुरुवातीला नुसती नर फुलं आली तर घाबरू नका, वेलवर्गाची ती रीतच आहे. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं फळ दिसतं, नर फुलाला नुसता बारीक देठ असतो. पंधरवडा उलटूनही मादी कळ्या दिसत नसतील, तर कारण शोधा. बहुतेकदा ते कडक ऊन, मोठा दिवस किंवा युरियाचा जादा हात एवढंच निघतं. पण शेताला कारखान्याचं सांडपाणी लागत असेल, शहरी गाळखत पडलं असेल किंवा वर्षानुवर्षं ताम्रयुक्त बुरशीनाशकं मारली असतील, तर जड धातूंकडेही बघायला हवं.

काकडीत इथिलीन हे झाडातलं संप्रेरक मादी फुलं वाढवतं, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक नर. इथ्रेल म्हणजे झाडात इथिलीन सोडणारं औषध. इथिलीन ओळखणाऱ्या प्रथिनाला तांब्याचा अणू लागतो. त्या जागी चांदी शिरली की झाडाला इथिलीन असून नसल्यासारखं. बीजोत्पादक निव्वळ मादी फुलं येणाऱ्या काकडीवर सिल्व्हर नायट्रेट फवारून मुद्दाम नर फुलं काढतात, ते याच जोरावर. कोबाल्ट तर इथिलीन बनण्याची शेवटची पायरीच अडवतो.

कॅडमियम आणि जादा तांब्याची तऱ्हा वेगळी. त्यांच्या ताणाखाली झाड उलट इथिलीन जास्त बनवतं. म्हणजे मादी फुलं वाढतील, हा हिशेब मात्र शेतात चालत नाही, कारण मुळं आखडतात, वेल खुंटते आणि आलेल्या कळ्याही गळतात.

म्हणून एखादी वेल हलकेच उपटून बघा. मुळं आखूड, जाडसर, तपकिरी आणि शेंड्याची पानं पिवळी असतील, तर इथ्रेल नको, त्याने वाढ आणखी थांबेल. निरोगी काकडीलाही ते २ आणि ४ खऱ्या पानांवरच द्यायचं: ३९ टक्के इथेफॉन (इथ्रेलमधला घटक) लिटरला अर्धा मिली, म्हणजे साधारण २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग). फुलं लागल्यावर मारण्यात फारसा अर्थ नाही.

माती तपासताना कॅडमियम, शिसं वेगळं सांगून मागा, नेहमीच्या अहवालात ते नसतं. जमीन आम्लधर्मी असेल तर चुना टाकल्याने कॅडमियम मुळांना कमी मिळतं. सामू (पीएच) आधीच ८ च्या आसपास असेल तर चुन्याच्या वाटेला जाऊ नका. चांगलं कुजलेलं शेणखत दोन्हीकडे चालतं. कॅडमियम जास्त निघालं, तर त्या तुकड्यात पालक, मेथी अजिबात घेऊ नका. पालेभाज्या ते पानांत साठवतात.