जुना कॅमेरा घेऊन पावसात डोंगरावर निघालात? या चुका टाळा

"अख्खा रोल कोरा आलाय. लॅबवाल्याने धुताना वाट लावली असणार."

जून ते सप्टेंबरमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकतो की आता उलट एकच प्रश्न विचारतो. फिल्मच्या कडेला आकडे आणि कंपनीचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर लॅबने काम चोख केलं आहे. ती अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात आणि फिल्म नीट धुतली तरच दिसतात. कडा ठळक आणि मधल्या चौकटी काचेसारख्या स्वच्छ, म्हणजे त्या फिल्मवर उजेड पोचलाच नाही. कडाही कोऱ्या असतील तर धुण्यात गडबड. पट्टी आरपार काळीकुट्ट असेल तर मागचं झाकण मध्येच कोणीतरी उघडलं. लॅबमधल्या माणसाशी भांडायला जाण्याआधी एवढं तरी बघा.

कोऱ्या रोलचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. फिल्म पुढे सरकलीच नव्हती. ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तिची किंमत मी स्वतः मोजली आहे.

मी मुलुंडला राहतो, त्यामुळे येऊरचं जंगल जवळ. तिथे कारवी आहे. रांगड्या पानांची ही झुडपं सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहतात आणि मग एका पावसाळ्यात सगळी मिळून फुलतात. अख्खा उतार जांभळा होतो, बी धरतं आणि ती पिढीच्या पिढी वाळून जाते. पुढचा बहर पाहायला पुन्हा तेवढीच वर्षं. त्या वर्षी मी पेंटॅक्स के१००० आणि २८ मिलिमीटरची जुनी लेन्स घेऊन गेलो होतो. पहिला रोल चढणीतच संपला. वर पोचलो तेव्हा भुरभुर चालू होती. ढग फाटून उतारावर ऊन पडलं आणि सोबतचा मित्र ओरडला, "अरे, आवर लवकर, ऊन जाईल!" मी छत्री मानेत धरून रोल बदलला. फिल्मचं टोक खाचेत सरकवलं, झाकण लावलं आणि सुटलो. त्या वीस मिनिटांत मला जे मिळालं ते पुन्हा मिळणार नाही, हे तेव्हाच कळत होतं. पुढे कारवी, मागे धुक्यातून निघणारी टेकडी, फुलांवर मधमाश्यांची झुंबड.

काउंटरवर ३६ आले, रोल तेवढ्याच फोटोंचा. मग ३७. मग ३८, आणि फिल्म पुढे सरकवायची लिव्हर तशीच हलकी. त्या क्षणी पोटात गोळा आला. काउंटर फिल्म मोजत नाही, तो लिव्हरचे फेरे मोजतो. टोक खाचेतून निसटलं होतं आणि रोल जागच्या जागी बसून होता. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो तोवर मधल्या मुसळधार पावसाने फुलं झोडपून निघाली होती.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. टोक खाचेत घातलं की झाकण उघडं ठेवूनच लिव्हर एकदा फिरवतो आणि दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसलेली डोळ्यांनी बघतो. झाकण लावल्यावर रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलके फिरवून सैल फिल्म ताणून घेतो, अडली की थांबतो. मग लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरली पाहिजे. फिरली नाही तर झाकण उघडायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. चालू रोलमध्येही चार-पाच फोटोंनंतर एकदा त्या कळीकडे नजर टाकतो. आणि पाऊस पडत असताना उभ्याने रोल बदलत नाही. झाडाच्या बुंध्याशी बसतो, मांडीवर प्लास्टिक पसरतो. ऊन गेलं तर गेलं. गडबडीत भरलेल्या रोलवर ते तसंही येणार नसतं.

तुमच्याबाबतीत काउंटर ३८ वर गेलाच, तर झाकण उघडू नका. सावकाश रिवाइंड करा. पहिल्या फेऱ्यापासूनच कळ बिनअडथळा फिरत असेल तर रोलचं टोक खाचेत अडकलंच नव्हतं. रोल तसाच्या तसा पुन्हा वापरता येतो.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. चोरबाजारातून किंवा फोर्टातून शनिवारी कॅमेरा घ्यायचा आणि रविवारी पहाटे तोच घेऊन हरिश्चंद्रगडाला निघायचं, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. पन्नास वर्षं वापरलेलं यंत्र आहे ते. पहिला रोल कॅमेऱ्यासाठी खर्च करा. राणीच्या बागेत जा, पवई तलावावर जा, घराच्या गच्चीवर जा. एकच चौकट शटरच्या सगळ्या वेगांवर टिपा आणि वहीत लिहून ठेवा. हळू वेगांकडे जास्त लक्ष द्या. लेन्समध्ये शटर असलेल्या कॅमेऱ्यांत तेल आटून घट्ट झालेलं असतं आणि एक सेकंद म्हटलं की शटर दोन-तीन सेकंद रेंगाळतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजलं की लगेच कळतं. जंगलातल्या झऱ्याचे फोटो नेमके याच वेगांवर काढायचे असतात. मागच्या झाकणाच्या खोबणीत काळा चिकट चिखल झाला असेल तर तो पूर्वीचा फोम आहे. तो काढून नवा बसवल्याशिवाय उन्हात जाऊ नका, नाहीतर प्रत्येक चौकटीवर केशरी पट्टे येतील.

झोर्की किंवा फेड हे जुने सोव्हिएत कॅमेरे घेतले असतील तर शटरचा वेग बदलण्याआधी लिव्हर ओढा. नेहमी. आणि असे कापडी शटरचे रेंजफाइंडर गळ्यात अडकवून चौपाटीवर फिरताना लेन्सला टोपण लावा. यांच्यात मध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्स सूर्याकडे वळली की बहिर्गोल भिंगाने कागद जळतो तसं शटरच्या कापडी पडद्याला भोक पडतं.

बॅटरीबद्दल. साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल बंद झाले. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो, म्हणून लोक खूश होतात. पण तो काटा खोटं बोलतो. आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळपट येतात. मी औषधाच्या दुकानातून श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे सेल आणतो. ते १.४ व्होल्टचे असतात आणि भोवती छोटी कडी घातली की बसतात. चिकटपट्टी काढल्यापासून ते हवेवर खर्च होऊ लागतात, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत बदलावे लागतात. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना ही चिंता नाही. त्याच्या मीटरची जोडणी अशी आहे की व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही. १९६४ सालच्या कॅमेऱ्यात एवढा विचार केलेला बघून मला आजही आदर वाटतो.

मीटर खरा असला तरी पावसाळी आकाश त्याला फसवतं. ढग पांढरे, डोंगर गडद, आणि मीटर ढगांचं ऐकतो. मी कॅमेरा खाली झुकवून पायाजवळच्या गवतावर मीटर घेतो आणि मग चौकट लावतो. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही.

आता बुरशी. मुंबईत राहून जुन्या लेन्स बाळगणाऱ्या माणसाने बाकी सगळं विसरावं, पण हे विसरू नये.

वडिलांचा याशिकामॅट १२४जी हा जुळ्या लेन्सचा कॅमेरा होता. त्यांनी जिवापाड जपलेला. प्रत्येक वापरानंतर पुसून, मूळच्या चामडी कव्हरात घालून, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात. गिरगावातल्या त्या खोलीत समुद्राचा वारा यायचा आणि पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. ते गेल्यावर दोन-तीन वर्षं मला कपाट उघडवलं नाही. शेवटी एका ऑक्टोबरात कॅमेरा काढला. वरच्या काचेत प्रतिमा लख्ख दिसली. मला वाटलं, बाबांनी कसा ठेवलाय! पहाटे शिवडीच्या चिखलावर फ्लेमिंगो टिपायला नेतात तसा मीही हिवाळ्यात तो घेऊन गेलो. १२० मापाच्या रुंद फिल्मचे दोन रोल काढले. निगेटिव्ह आल्या त्या सगळ्या मळकट. उगवतीच्या बाजूचे सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे, पाण्याची चमक गेलेली, पक्षी धूसर.

जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात आपण वरच्या भिंगातून बघतो आणि फोटो खालच्यातून निघतो. वरचं भिंग स्वच्छ होतं. खालच्यात कोळिष्टकासारखं जाळं पसरलेलं होतं, आणि ते मला दिसणं शक्यच नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी भिंग उघडून साफ केलं, पण बुरशी गेल्यावरही तिच्या नक्षीच्या रेघा राहिल्या. बुरशी आम्ल सोडते आणि ते वरचा थर, पुढे काचही खातं. खाल्लेली काच पुन्हा भरत नाही.

बाबांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी ज्या चामड्यात तो जपला, त्याच चामड्याने ओल धरून ठेवली. म्हणून सांगतो, चामडी कव्हर फक्त वाटेत वापरा. घरी आल्यावर कॅमेरा त्यातून बाहेर.

जुनी लेन्स विकत घेताना अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि समोरून थोडं तिरकं बघा. जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात मागचं झाकण उघडून, शटर बी वर (बटण दाबलं असेपर्यंत उघडं) धरून, खालचं भिंग तपासा. धाग्यांचं जाळं दिसलं तर ठेवून द्या. "पुसलं की जाईल साहेब" असं विकणारा सांगेल, तरी ठेवून द्या. बुरशी आलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात तर मुळीच नको.

महागडं ड्राय कॅबिनेट घ्यायलाच हवं असं नाही. माझ्याकडे रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा आहे, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. साठच्या वर गेला की मला झोप लागत नाही. तीसच्या खालीही नको, आतलं वंगण सुकतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा निळे करतो. तो तवा स्वयंपाकाला वापरत नाही. तांदूळ घालायचा उपाय विसरा, त्याची भुकटी फोकसच्या कडीत जाते. डांबराच्या गोळ्या काचेच्या शेजारी नकोतच. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वापर. दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून उजेडात अर्धा तास ठेवा, कड्या फिरवा. लोक डझनभर लेन्स जमवतात आणि वर्षातून एकदा बघतात. त्यापेक्षा दोनच ठेवा.

पिवळट दिसणारी जुनी सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ मात्र फेकू नका. तिच्या काचेत थोरियम आहे, त्याने रंग चढतो. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की उतरतो.

डिजिटल कॅमेऱ्यावर हेलिओस वगैरे जुन्या लेन्स लावणाऱ्यांसाठी. आटे असलेली एम४२ लेन्स निकॉनच्या जुन्या एसएलआर माउंटवर साध्या अडॅप्टरने बसवली की दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येणार नाही. एम४२ ला लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनचं ४६.५ आहे. एक मिलिमीटरने घात होतो. मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, ही अडचण नाही. तिथे उलट अडचण येते, स्वस्त अडॅप्टर किंचित पातळ असतात आणि कडी टोकापर्यंत फिरवली की फोकस अनंताच्याही पलीकडे जातो. पडद्यावर मोठं करून बघा.

खऱ्या अनंतावर लावूनही पायाजवळची फुलं धूसर का, असं विचारणाऱ्यांनो, लेन्सवरच्या त्या रंगीत रेघा शोभेच्या नाहीत. ५० मिमी लेन्स एफ/११ अ‍ॅपर्चरवर साडेसात मीटरवर लावा, पावणेचार मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं येतं. २८ मिमी असेल तर अडीच मीटरवर लावलं की सव्वा मीटरपासून. एफ/२२ ची गरज नाही, तिथे सगळीच धार मऊ पडते.

लेन्सच्या तोंडाशी हूड (सावलीची कडी) लावा. जुन्या लेन्सवर बहुधा चमक रोखणारा एकच थर असतो आणि आपला समुद्र पश्चिमेला आहे, म्हणजे मावळतीचं ऊन थेट लेन्समध्ये.

बँडस्टँडच्या खडकांवर संध्याकाळी लांब एक्स्पोजर घेताना मीटर सांगतो तेवढाच वेळ देऊ नका. मंद उजेडात फिल्म सुस्तावते. कोडॅकच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मला मीटरचा एक सेकंद म्हणजे दोन द्यावे लागतात, आणि दहा सेकंद म्हणजे पन्नास. मी हा तक्ता कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला चिकटवला आहे.

एसीतून निघालेला कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर, आरशावर आणि आतही दव धरतं. बंद पिशवीत अर्धा-पाऊण तास राहू द्या. फ्रीजमधल्या रोलचंही तेच, डबी उघडण्याआधी त्याला खोलीच्या तापमानावर येऊ द्या. आणि भरतीच्या तुषारांतून परतल्यावर लेन्स कोरड्या कपड्याने घासू नका. मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. आधी फुंकणीने उडवा, मग कापड जेमतेम ओलं करून टिपा, मग कोरडं. हे त्याच रात्री, अंघोळीच्या आधी.