गेम लावून कॉम्प्युटर तपासताय? या चुका टाळा

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की पुढचं ठरलेलं: सगळ्यात जड गेम लावायचा, सेटिंग्ज 'अल्ट्रा'वर ढकलायची आणि कोपऱ्यातला एफपीएस (दर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) बघायचा. आकडा कमी आला की खापर कार्डावर. पण एफपीएस अडतो तो सगळ्यात आधी दमणाऱ्या भागापाशी. तो कोणता हे न बघताच निकाल लावणं, ही पहिली चूक.

२००७ सालचा 'क्रायसिस' हा गेम घ्या. प्रोसेसरच्या एकेका कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) वेग वाढतच जाईल, या हिशेबाने तो बनला. पुढे वाढली ती कोअरची संख्या. त्यामुळे आजच्या दणकट कार्डावरही धुमश्चक्रीच्या प्रसंगात त्याचा एफपीएस घसरतो आणि कार्ड मात्र बरंचसं रिकामं बसलेलं असतं.

म्हणून एफपीएसशेजारी जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप) वापराची टक्केवारीही लावा. ती ९५च्या वर असेल तर अडलंय कार्डापाशी. बरीच खाली रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस जागचा हलला नाही, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर. रॅमची एकच स्टिक लावलेली असणं किंवा बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जच्या मेनूत) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद राहणं, हे नेहमीचे गुन्हेगार. मात्र आकडा बरोबर ६०वर चिकटला असेल तर आधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, उगाच कुणाला दोष नको.

दुसरी चूक म्हणजे नुसती सरासरी बघणं. ९० एफपीएसची सरासरी दाखवणारा गेमही मधूनच अडखळू शकतो. '१ टक्का लो' हा आकडा, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस, ते उघडं पाडतो. पहिल्या फेरीतले झटके मात्र मोजू नका, ते बहुधा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असल्याचे असतात.

'सायबरपंक २०७७'सारख्या गेममध्ये बेंचमार्क, म्हणजे ठरावीक चाचणी, आयताच मिळतो. तो चालवताना डीएलएसएस, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी तंत्रं) आणि फ्रेम जनरेशन (मधले फ्रेम कृत्रिमरीत्या भरणं) काय स्थितीत आहेत ते लिहून ठेवा. फ्रेम जनरेशनने आकडा फुगतो, माऊसचा प्रतिसाद त्या प्रमाणात सुधारत नाही. असे आकडे मित्राच्या आकड्यांशी ताडून भांडणात काही अर्थ नाही.

दोन मिनिटांत चाचणी आटोपू नका. लॅपटॉप चार्जरला लावा, अर्धा तास खेळा आणि तापमान वाढल्यावर क्लॉक स्पीड (चिप चालण्याचा वेग) घसरतोय का ते बघा.

आणि एवढं करूनही एफपीएस केविलवाणाच असेल, तर डेस्कटॉपच्या मागे डोकावा. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचलेली (म्हणजे कार्ड बाजूलाच पडलेलं) सापडणं वाटतं तितकं दुर्मिळ नाही.