दोघांनी मिळून बहुदिवसीय माउंटन बाइक शर्यत: परदेशी जाण्याआधी आणि गेल्यावर

दोघांच्या संघाची वेळ नोंदली जाते ती मागून येणाऱ्याची. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात मार्च महिन्यात होणारी केप एपिक ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली शर्यत. २००४ साली ती सुरू झाली. एक प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) आणि सात टप्पे असे आठ दिवस ती चालते, आणि वाटेत दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर वेळेचा दंड बसतो. पुढे निघून गेलेल्याच्या वेगाला इथे काडीची किंमत नाही. त्यामुळे गिअर, सुटे भाग, खाणं, झोप असं सगळंच जोडीचा हिशेब धरून ठरवावं लागतं.

जोडी जमवताना

दोघांनी एकाच दिवशी तासाभराचा एकच चढ स्वतंत्रपणे, पूर्ण ताकदीने चढून बघा. वेळेतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर जोडी चालून जाते. त्याहून जास्त असेल तर 'मुदतीत पूर्ण करणं' एवढंच उद्दिष्ट ठेवा आणि ते दोघांनीही मनापासून मान्य करा. एकाला क्रमांक हवा आणि दुसऱ्याला पदक गळ्यात पडलं की पुरे, अशी जोडी तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलेनाशी होते.

प्रवेश शुल्क भरण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवून टाका: एक जण आजारी पडला तर दुसरा पुढे जाणार की थांबणार? एकट्याने शर्यत पूर्ण करू देतात का आणि त्याची नोंद कशी होते, हे नियमपुस्तिकेत दिलेलं असतं. हा निर्णय तापाने फणफणलेल्या माणसाशेजारी तंबूत बसून घेण्याचा नाही.

सराव लागोपाठच्या दिवसांचा हवा. शनिवारी पाच तास, रविवारी चार तास. खरी परीक्षा रविवारचीच, कारण थकलेला जोडीदार कसा वागतो ते तेव्हाच कळतं: कोण गप्प होतो, कोण चिडतो, कोण खायचं विसरतो. शर्यतीच्या चार ते सहा आठवडे आधी सलग तीन दिवसांचा एक सराव करा. तोही शर्यतीत वापरायचे तेच बूट, तीच शॉर्ट, तेच जेल (पाकिटातलं दाट, गोड खाणं) घेऊन.

सायकली शक्य तितक्या सारख्या

पुढेमागे सस्पेन्शन, १०० ते १२० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर), २९ इंची चाकं. या प्रकारच्या शर्यतीला हे योग्य. हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, हलकी असते, पण चौथ्या दिवसापासून पाठ आणि बैठक त्याचा हिशेब मागतात. दोघांचं ड्राइव्ह ट्रेन (चेन आणि गिअर), ब्रेक आणि फ्रेम एकसारखे असतील तर सुट्या भागांचं ओझं निम्मं होतं: चेन जोडणारी एकच चेनलिंक, एकाच मापाचे ब्रेक पॅड, एकाच प्रकारचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा). फ्रेम वेगळ्या असतील तर हँगर दोन्हींचे घ्या. तुटलेला हँगर सरळ करून भागत नाही. चेन छोटी करून एकाच गिअरवर जायचं म्हटलं तर मागचं सस्पेन्शन दबताना चेनची लागणारी लांबी बदलते. मग ती ताणून तुटते किंवा ढिली पडून उतरते.

चेन ०.५ टक्के ताणली गेली असेल तर निघण्याआधीच बदला आणि नव्या चेनवर दोन-तीन राइड करून घ्या. ब्रेक ब्लीड करून (तेलातली हवा काढून) न्या. लांब उतार आणि चिखल असेल तर मेटल पॅड घ्या. ऑरगॅनिक पॅड ओल्या वाळूत एका दिवसातही संपू शकतात.

टायरवर वजन वाचवू नका. जाड बगलेचे २.३५ किंवा २.४ इंची ट्यूबलेस टायर आणि प्रत्येकी १०० मिली ताजं सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव). कोरड्या, गरम हवेत ते लवकर सुकतं, म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्हमधून पुन्हा ३० मिली भरा. ७५ किलोच्या सायकलस्वाराने हवेचा दाब पुढे २१ आणि मागे २३ पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी. खडकाळ टप्प्याला एक-दोन पीएसआय वाढवा.

विमानात

पेडल काढा. डिरेलर हँगरवरून सोडवून, बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या) आतल्या बाजूला बांधा. रोटर (ब्रेकची चकती) काढून पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि चकती पकडणाऱ्या कॅलिपरमध्ये स्पेसर अडकवा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन बसतात. टायरमधली सगळी हवा सोडू नका. बीड (टायरची कड) रिमवरून सुटला की हातपंपाने तो पुन्हा बसवणं कठीण. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच हवेत, चेक-इन सामानात त्यांना मनाई आहे. टायर फुगवायचे गॅस कार्ट्रिज विमानतळावर काढून घेतले जाण्याची शक्यता मोठी. ते तिथे पोहोचूनच विकत घ्या. बूट, पेडल, हेल्मेट आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. सायकल हरवली तर भाड्याची मिळते, पण पायात बसलेले बूट मिळत नाहीत.

प्रवास विमा काढताना 'सायकलिंग' एवढा शब्द पुरेसा नाही. स्पर्धा आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेलं हवं. गरम प्रदेशात जायचं असेल तर शरीर उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. इतकं आधी जाता येत नसेल तर निघण्यापूर्वीचे दहा-बारा दिवस सरावानंतर गरम पाण्यात अर्धा तास बसण्याचाही उपयोग होतो.

ट्रॅकवर

चढावर त्या दिवशी जो मंद आहे तो पुढे, आणि वेग त्याचाच. तगडा पुढे राहिला की नकळत दोन-तीन मीटरची फट पडते आणि मागचा ती भरून काढता काढता दमून जातो. सपाट रस्त्यावर, समोरून वारा असताना उलट: तगडा पुढे, दुसरा त्याच्या आडोशाला. उतारावर ज्याचं तंत्र चांगलं तो पुढे जाऊन लाइन (कुठून उतरायचं ती वाट) दाखवेल. मागच्याने धुळीतून खडक दिसतील एवढं अंतर ठेवावं. मंद कोण हे रोज बदलू शकतं, म्हणून आज अंगात किती दम आहे त्याचा एक ते दहामधला आकडा सकाळी एकमेकांना सांगा. अहंकार न दुखावता खरं सांगण्याचा हा सोपा मार्ग आहे.

पहिल्या दिवसाचा निकाल बहुतेक वेळा पुढच्या दिवसांचा स्टार्ट ग्रुप ठरवतो. मागच्या गटात धूळ खावी लागते, शिवाय पहिल्या सिंगल ट्रॅकच्या (एकामागे एकच सायकल जाईल अशा पायवाटेच्या) तोंडाशी रांग लागते. तेव्हा प्रोलॉगला जोर लावणं रास्त. पहिल्या लांब टप्प्यावर मात्र पहिला तास मुद्दाम हळू काढा.

पंक्चर हे दोघांचं काम आहे:

१. शिट्टीसारखा आवाज आला की थांबा आणि भोक खालच्या बाजूला फिरवा. सीलंट तिथे जमून बऱ्याचदा आपोआप बसतं.

२. नाही बसलं तर लगेच प्लग (भोकात घालायची चिकट रबरी पट्टी). एक जण प्लग घालेल, दुसरा पंप जोडून तयार. काटा दिसला तरी उपटू नका. भोक बंद ठेवण्याचं काम तोच करत असतो.

३. बगल फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घाला. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हातमोजा घालून बोटं फिरवा. काटेरी प्रदेशात आत डझनभर टोकं आलेली असतात. ती उपटली नाहीत तर नवी ट्यूब शंभर मीटरही टिकत नाही.

पंप, प्लग आणि एक ट्यूब दोघांकडेही हवं. मल्टिटूल, चेन ब्रेकर, हँगर असलं जड सामान तगड्याच्या खिशात.

पोट, कातडी, झोप

शर्यती पायांपेक्षा पोटामुळे जास्त सुटतात. तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट, ५०० ते ८०० मिली पाणी. कडक उन्हात त्याहून जास्त, मीठ घालून. दर वीस मिनिटांनी घड्याळाचा गजर लावा, आणि तो वाजला की दोघांनीही खायचं. जोडीदार 'नको' म्हणाला की तिथेच सावध व्हा.

कुरणांतून जाणाऱ्या वाटेवर चिखलात शेण असतं. २००७ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका माउंटन बाइक शर्यतीनंतर शेकडो स्पर्धकांची पोटं बिघडली होती. कारण निघालं तोंडात गेलेला चिखल आणि त्यातला कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू. झाकणवाल्या बाटल्या वापरा, पिण्याआधी पहिली चूळ थुंकून टाका आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूवर) फारसा चालत नाही. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेऊन सायकल चालवू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडांना इजा करतं.

टप्पा संपला की अर्ध्या तासाच्या आत ओली शॉर्ट उतरवा, अंघोळ करा आणि जागा कोरडी होऊ द्या. शॉर्ट किमान चार लागतात. रोज सकाळी शॅमॉय क्रीम (बैठकीचं घर्षण कमी करणारं मलम) लावा. फोड येऊ लागला असेल तर सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घेऊन पाहा, कारण थकलेलं शरीर कमरेतून डुलतं आणि घर्षण वाढतं.

सायकल धुताना जोराच्या पाण्याचा फवारा हब, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची जागा) आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर मारू नका. एक जण अंघोळीला जाईल तेव्हा दुसरा सायकली धुण्याच्या रांगेत, मग अदलाबदल. प्रत्येक दिवसाचे कपडे आणि खाऊ वेगवेगळ्या झिप पिशवीत आधीच भरून त्यावर तारीख लिहा. पहाटे अंधारात, थंड तंबूत मोजे शोधायला अर्धा तास जातो. कानातले बोळे विसरू नका.

परत निघण्याआधी टायर आणि बुटांच्या तळव्यांतली माती पूर्ण काढा. काही देशांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, मातीचा कण सापडला तरी सामान अडवतात.