मुलांच्या खेळातली भांडणं: मोठ्यांनी या चुका टाळा

लगोरीत "चेंडू लागला", "नाही लागला" यावरून आरडाओरडा सुरू झाला की गॅलरीतून कुणीतरी मोठं माणूस निकाल देऊन मोकळं होतं. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. आपसांतले वाद मिटवायला मुलांनी खेळातून शिकावं असं वाटत असेल, तर तो वाद त्यांच्याकडेच राहू द्या. हातघाईवर आली तर जरूर मध्ये पडा. एरवी थांबा. खेळ बंद पडणं त्यांनाच परवडत नाही, त्यामुळे "डाव परत घेऊ" असा तोडगा बहुतेक वेळा तीच काढतात. अगदीच अडलं तर विचारा, "काय केलंत तर दोन्ही बाजूंना चालेल?" त्यांचं उत्तर तुम्हाला पटलं नाही तरी करून बघू द्या.

नियमांवर अडून बसू नका. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांचा अभ्यास १९३२ मध्ये मांडला. लहान मुलांना नियम मोठ्यांनी घालून दिलेले, न बदलणारे वाटतात. सर्वांच्या संमतीने ते बदलता येतात, हे १०-११ वर्षांच्या सुमारास उमगतं. आपल्याकडचा 'कच्चा लिंबू' हा असाच मुलांनी काढलेला मार्ग: धाकट्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. फार सुंदर नियम आहे हा. मात्र मूल मोठं झालं तरी लिंबूच राहिलं, तर त्याच्यावर कुणाचा भरवसा नाही, हे त्याला कळतं. तेव्हा त्याला राज्य घेऊ द्या.

दोन कॅप्टन एकेक गडी निवडत गेले की शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. त्यापेक्षा चकून संघ पाडा.

खेळ निवडतानाही बघा. संगीत खुर्चीत ज्याला सरावाची जास्त गरज, तोच आधी बाद होऊन बसून राहतो. डबा ऐसपैसमध्ये मात्र पकडलेल्यांना सोडवायला कुणीतरी धावून येतं.

हरल्यावर रडून घरी येणाऱ्या मुलाला तिथल्या तिथे उपदेश करू नका, आणि घरी सापशिडीत त्याला मुद्दाम जिंकूही देऊ नका. आधी रडू ओसरू द्या. मग, "उद्या पुन्हा असं झालं तर काय करशील?" एवढंच विचारा.