गाडीसाठी नवा वॉटर पंप कसा निवडावा

पंप बदलायचाच आहे, हे नक्की झाले आहे असे धरून लिहितो. इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, हा पंप इंजिनभर फिरवतो. पंपाच्या अंगावरील बारीक छिद्रातून ते ठिबकत असेल, किंवा पट्टा काढून पुली हलवली असता ती डुगडुगत असेल, तर आतले सील किंवा बेअरिंग गेलेले असते. जुन्या पंपात ‘किट’, म्हणजे सील-बेअरिंगचा सुटा संच, टाकून घेण्याचा सल्ला अजूनही मिळतो. जुन्या जीपपुरता तो ठीक होता. आजच्या ॲल्युमिनियमच्या पंपात ठोकून बसवलेल्या सीलवर मी तरी विसंबत नाही.

जुना पंप खोलून हातात आल्याशिवाय नवा विकत घेऊ नये, आणि गाडीचे नुसते नाव सांगून तर मुळीच मागू नये. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होते, इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि पुंतोमध्येही होते. उलट एकाच नावाच्या गाडीत काही वर्षांनी इंजिन बदललेले असते. चासी क्रमांक देऊन कंपनीच्या काउंटरवरून पार्ट नंबर काढून घ्यावा. पंप मग बाहेरून घेतला तरी हरकत नाही.

खरी गोम पंपाच्या आत फिरून पाणी ढकलणाऱ्या पात्यांत आहे, आणि तिथे मी स्वतः फसलो आहे. नवतप्याचे दिवस होते. दुकानदाराने “भाऊ, सगळ्यांत हाच बसते” असे सांगून पंप हातावर ठेवला. बोल्टची भोके तंतोतंत जुळली, पुलीही जुळली, म्हणून मी तो बसवला. गॅरेजमध्ये वीस मिनिटे इंजिन चालू ठेवले, तेव्हा तापमानाचा काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी लावून वर्धा रोडने निघालो आणि बुटीबोरी येईपर्यंत काटा लाल पट्टीला टेकला. पंप पुन्हा खोलला तेव्हा दिसले की नव्या पंपाच्या पात्यांचा बाक जुन्याच्या उलट होता.

असे पंप मिळतात, कारण पट्ट्याच्या खाचांच्या बाजूने फिरणारी पुली क्रँकच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, दिशेने फिरते, तर पट्ट्याच्या सपाट पाठीवर चालणारी पुली उलट दिशेने फिरते, आणि दोन्हींसाठी पंपाचे बाहेरचे अंग अगदी सारखे असू शकते. फसवणूक अशी की उलट बाकाचा पंप पाणी उलटे ढकलत नाही. तो त्याच दिशेने ढकलतो, पण फार कमी. त्यामुळे रिकाम्या चालणाऱ्या इंजिनवर काहीच कळत नाही आणि नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, भरल्या गाडीला, सारे एकदम कळते. म्हणून दोन्ही पंप पाती वर करून शेजारी ठेवावेत आणि बाक, पात्यांची संख्या व चकतीचा व्यास ताडून पाहावा.

नंतर बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर घ्यावा. डोळ्यांचा अंदाज इथे चालत नाही. गॅस्केट बसते त्या सपाटीपासून पात्यांच्या टोकापर्यंत एक माप आणि त्याच सपाटीपासून पुली बसते त्या चकतीपर्यंत दुसरे माप घ्यावे. पहिले कमी भरले तर पाती आणि ती ज्यात फिरतात ते घर यांत फट वाढून पाणी मागे सरकते, जास्त भरले तर पाती घराला घासतात. दुसरे माप चुकले तर पट्टा तिरपा धावतो, किंचाळतो आणि कडेने सुटू लागतो.

प्लास्टिकची पाती दिसली की नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मूळ पंपात ती असतील तर नव्यातही निःशंक घ्यावीत. लोखंडी पाती बोअरच्या पाण्यावर चालवलेल्या गाडीत झिजून अर्धी झालेली मी काढली आहेत.

पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहावा. सीलमुळे थोडा जड लागला तर चालेल, खरखर लागली तर परत करावा. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) चालत असेल, तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर सोबतच घ्यावेत. गॅस्केट नवे, कूलंट कंपनीने सांगितलेले.

ही सारी पारख काउंटरवरच, पैसे देण्यापूर्वी करावी, कारण एकदा बसवताना सांधा बंद करण्याचे सिलिकॉन लागलेला पंप कोणताही दुकानदार परत घेत नाही.