आगरातला मोबाईल स्टार्टर: फोन लागेना तेव्हा

गुहागरला आमच्या आगरातल्या विहिरीवर दीड एचपीचा सिंगल फेज पंप आहे. मी चिपळूणला नोकरीला, आईचे गुडघे दुखतात, म्हणून सुपारीच्या शिपण्यासाठी मोबाईल स्टार्टर बसवला, म्हणजे आत सिम असलेली पेटी, तिला फोन लावला की पंप सुरू होतो. दिवाळीनंतर शिपणं सुरू केलं तर फोन लागेचना. वायरमन म्हणाला, बोर्ड गेला, नवा घ्या.

नवा घेण्याआधी त्यातलं सिम काढून साध्या टू-जी फोनात घातलं. पंपघराच्या दारात रेंज चांगली होती, म्हणजे सिम आणि टॉवर ठीक. (असे बरेच स्टार्टर टू-जीवरच चालतात, नुसतं फोर-जी असलेलं सिम त्यात चालत नाही.) मग अँटेनाचा नट सोडवला. आत हिरवट थर! खारं वारं पितळ सोडत नाही. बारीक पॉलिश पेपरने घासलं, लोखंडी पेटीतली आखूड अँटेना काढून वायरवाली बाहेर वाशाला बांधली आणि जोडावर रबराची टेप गुंडाळली. पहिल्याच रिंगला मोटर सुरू.

खरं लक्ष द्यायचं ते ड्राय रनच्या, म्हणजे पाण्याविना कोरडा चालणारा पंप बंद करण्याच्या, सेटिंगकडे. मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि लांबून ते दिसत नाही. पाणी भरपूर असताना अँपिअर बघितले, साधारण 9. फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाईपच्या टोकाची झडप) हवा ओढू लागल्यावर काटा 6च्या खाली. मी 7 वर सेट केलंय. मोटर आपोआप बंद होते आणि मला मेसेज येतो. किनाऱ्यालगतची विहीर फार उपसली तर पाणी मचूळ होतं, तेही त्यामुळे टळतं.

आळ्यात पाणी पोचलं का, हे मात्र आईच बघते.